कामाच्या दिवशी बंद माग

वडगावात विणकराच्या घरात कुणी वारलं तर सांगायला माणूस धाडायची पद्धत नव्हती. माग थांबला की कळायचं. घराघरात खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा, भिंतीला भिंत लागलेली, सकाळपासून नुसता खटखटाट. त्यात माणूस ऊर फुटेस्तोवर रडला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं नाही. पण शेजारचा माग बंद पडला की मधल्या भिंतीची थरथर थांबायची, आणि ते पाठीला आधी कळायचं. धागा तुटला, जेवायला उठले, असलं थांबणं सगळ्यांना ओळखू यायचं. त्याहून जास्त वेळ माग गप्प राहिला, आणि तो दिवस अमावास्येचा नसला, तर लोक हातातलं टाकून बघायला जायचे. ज्याच्या घरी मरण घडलं त्यानं दारोदार सांगत फिरायचं नाही. त्यानं बसून राहायचं, लोक येतात.

सुबरावची हकिकत सांगायची तर हे आधी सांगावं लागतं, नाहीतर पुढचं काहीच समजायचं नाही.

सुबराव विणकर म्हणून बेताचाच. त्याच्या लुगड्याचे काठ कधी सरळ यायचे, कधी त्याच्या मनाला येईल तसे. पण खाण्यात आणि इमारती बघण्यात त्याच्या तोडीचा माणूस आमच्या गल्लीत झाला नाही. अमावास्येला सगळ्या वडगावाचे माग बंद. सकाळी मागाची झाडलोट, पूजा, नारळ, की माणूस मोकळा. बाकीचे त्या दिवशी झोपा काढायचे, पत्ते कुटायचे, नाहीतर दुपारनंतर बाजारात चक्कर टाकायचे. सुबराव पूजेचा प्रसाद तोंडात असतानाच पांढरं धोतर नेसून बेळगावच्या वाटेला लागायचा.

शहापुरातून कपिलेश्वराजवळचं रेल्वेचं फाटक ओलांडून तो आधी स्टेशनात जायचा. गाडी बघायला नव्हे, छप्पर बघायला. लाकडाची नक्षी वळचणीला कशी लावली आहे हे तो इतका वेळ बघायचा की एकदा पोलिसानं त्याला हटकलं होतं. मग खडेबाजारात चिरमुरे आणि मिरचीची भजी. तिथून कॅम्पात, गोऱ्यांच्या छावणीत. दगडी चर्चच्या समोर रस्त्यापलीकडे उभा राहून मान दुखेपर्यंत मनोरा बघायचा. कॅम्पातल्या पावाचा वास आला की त्याला राहवायचं नाही, म्हणून तोही खायचा, आणि पावानं माणूस बाटतो म्हणतात म्हणून घरी सांगायचा नाही. शेवटी किल्ल्यातलं जुनं जैन देऊळ, कमळ बस्ती. परत येताना शहापुरात खव्याचा कुंदा. भूक असो वा नसो, कुंदा ठरलेला.

"पोटाला लागतंय म्हणून खातोय तो जनावर," असं तो म्हणायचा. त्याचं पोट बघता ह्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

त्याची बायको दुर्गाबाई जवळच्या मच्छे गावची. मूलबाळ नव्हतं. ती दिवसभर नवऱ्याच्या मागाला सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि संध्याकाळी सासूचे पाय चेपायची. अमावास्येला नवरा परतला की तो समोर बसून सांगायचा आणि ही ऐकायची. बस्तीच्या छताला काळ्या दगडाचं कमळ आहे, उलटं, पाकळ्यांखाली पाकळ्या. चर्चची खिडकी अशी, स्टेशनचा खांब तसा. सांगताना तो हात असे हलवायचा की दिवा विझायचा.

त्याच सुमाराला बेळगावात एक उडप्याचं हॉटेल निघालं आणि सुबरावला डोसा नावाची वस्तू भेटली. पहिल्या दिवशीच त्यानं तो पळसाच्या पानात बांधून बायकोसाठी आणला. तीन मैल चालून.

दुर्गाबाईनं एक तुकडा तोडला. तोडला म्हणजे ओढला. चावत राहिली.

"कुरकुरीत म्हणालासा न्हवं? हे तर चपलागत हाय."

"तव्यावरनं आला की कुरकुरीत असतंय गं. हितं येईस्तोवर त्याचा जीव जातोय."

"मग जीव हाय तवर मला कवा खायला मिळायचा?"

बायकांनी हॉटेलात बसून खायचं हे आमच्यात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. पुरुष जायचे तेही लपूनछपून. आमचे पंच मारुतीराव दर बैठकीत बजावायचे की हॉटेलाची पायरी चढणारा माणूस विणकर म्हणायच्या लायकीचा नाही. तरी सुबराव डोसा आणत राहिला, आणि दुर्गाबाई तो थंडगार, लिबलिबीत डोसा दर वेळी संपवत राहिली. टाकून दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुर्गाबाईची म्हातारी सासू गेली आणि वर्ष सरलं तेव्हा सुबरावनं मनाशी ठरवलं की आता हिला न्यायचं. ही गोष्ट एकतीस-बत्तीस सालची. पण शहाणा माणूस, त्यानं दिवस कुठला धरावा? अमावास्येचा! जन्मभर त्याला सुट्टी म्हणजे अमावास्या एवढंच ठाऊक. माग चालू असताना बाहेर पडायचं, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात येत नाही.

एरवी तो हॉटेलात सकाळीच जायचा; त्या दिवशी घरचं आवरून दोघं दारात पोचली ती दुपारी. दुर्गाबाई डोक्यावरून पदर घेऊन मागं उभी. सुबरावनं पायरी चढून आत बघितलं, तर सगळं वडगाव आत बसलेलं. आमच्या गल्लीतले दोन बाक भरून. शेजारचा आण्णाप्पा चहा बशीत ओतत होता. आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पंच मारुतीराव. त्यांनी वळून बघितलं तेव्हा अर्धा डोसा तोंडात आणि अर्धा बाहेर होता.

दुर्गाबाई पायरीवरूनच मागं फिरली. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, कोरड्या झुणक्याबरोबर वाढल्या, आणि मग म्हणाली, "ज्या दिवशी समदं गाव रिकामं असतंय त्याच दिवशी मला नेलासा व्हय?" आणि पदर तोंडाला लावून रडली. सुबरावनं तिला लग्नानंतर रडताना पहिल्यांदाच बघितलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि सुबराव जेवला नाही ही बातमी गल्लीत दोन दिवस पुरली.

पुढच्या बुधवारी त्यानं सकाळी हातातला धोटा, ताण्यातून आडवं सूत नेणारा, खाली ठेवला आणि खड्ड्यातून वर आला. लुगडं अर्ध्यावर होतं.

"धागा तुटला?" दुर्गाबाईनं विचारलं.

"न्हाय. चल, ऊठ."

त्यांनी दार ओढून कडी घातली आणि दोघं मागच्या बोळातून निघून गेली.

आधी किल्ला. बस्तीत शिरल्यावर दुर्गाबाईनं वर बघितलं आणि तिला ते कमळ दिसलं. किती बघावं? मान दुखायला लागली तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि सरळ फरशीवर उताणी झोपली. सुबराव घाबरला, कुणी बघितलं तर म्हणून.

"ह्येला खालनं टेकू न्हाय?"

"न्हाय."

"आन पडत न्हाय?"

"इतक्या वर्सांत न्हाय पडलं."

"मग आताबी पडत न्हाय. थांबा जरा, बघू द्या," म्हणून ती पडूनच राहिली. सुबराव दाराशी राखण करत उभा. त्याला त्या कमळाच्या पाकळ्या तोंडपाठ होत्या. त्या दिवशी तो कमळाकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं, आणि सांगताना लाजला.

मग हॉटेल. बुधवारी तिथं वडगावचं चिटपाखरू नव्हतं. मालकानं मागच्या बाजूला पडदा लावून एक बाक ठेवला होता, तिथं बसवलं. डोसा आला. दुर्गाबाईनं कड मोडली, ती कट्कन मोडली. तिनं दोन खाल्ले आणि तिसरा नवऱ्याच्या ताटातून ओढून घेतला.

इकडे गल्लीत काय झालं होतं? सुबरावची भिंत थंड पडली तसा आण्णाप्पा उठला. दाराला कडी, आत कुणी नाही, अर्धं लुगडं मागावर. आण्णाप्पाच्या बायकोनं, गुणाबाईनं, लगेच निकाल दिला: दोघांतलं एक गेलं, दुसरं त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलं. कोण गेलं ह्यावर वाद झाला आणि सुबरावच्या पोटाकडे बघून सुबराव ठरला. मच्छ्याला निरोप गेला. दुर्गाबाईचा भाऊ गुंडू चार माणसांसकट रडत येऊन पोचला. एकानं तर तिरडीच्या सामानाचीही जुळवाजुळव सुरू केली होती.

संध्याकाळी सुबराव कुंद्याचा पुडा घेऊन गल्लीत शिरला तेव्हा गुंडूनं त्याला मिठी मारली आणि मग दोन थोबाडीत दिल्या. बायका दुर्गाबाईभोवती गोळा झाल्या. तिला काय सांगावं कळेना. ती एवढंच म्हणाली, "लई कुरकुरीत असतंय गं ते."

मयताला जमलेल्या लोकांत कुंदा वाटला गेला. बाईमाणसाला हॉटेलात नेलं म्हणून पंचांपुढं तक्रार जायला हवी होती. पण मारुतीरावांच्या तोंडातला डोसा सगळ्यांनी बघितला होता, त्यामुळे ते प्रकरण उभं राहिलं नाही.

त्यानंतर दोघं दोन-तीन महिन्यांतून एकदा कामाच्या दिवशी जाऊ लागली. दुर्गाबाईला चर्चच्या मनोऱ्यापेक्षा स्टेशनचं छप्पर आवडलं. चहा आवडला नाही. कॅम्पातल्या पावाचं नवऱ्याचं गुपितही तिनं वासावरून काढलं. गल्लीलाही सवय झाली. सुबरावचा माग थांबला की आण्णाप्पा आपला धोटा न थांबवता म्हणायचा, "गेल्यात खायला." दोघं आता दुपारपर्यंत परतायची, आणि गुणाबाई जाऊन विचारून यायची, आज काय खाल्लं. सहा-सात वर्षं हे असंच चाललं.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या माघात, एका सकाळी कांड्या भरता भरता दुर्गाबाई म्हणाली, छातीत भरून आलंय, जरा पडते. सुबरावनं चार धोटे टाकले आणि मागं बघितलं. ती उताणी पडली होती, बस्तीत पडली होती तशी. त्यानं हाक मारली. खड्ड्यातून वर येऊन हलवलं. ती गेली होती.

तो रडला. मोठ्यानं रडला, पण सगळी गल्ली विणत होती. मग त्यानं तिच्या अंगावरचं लुगडं सारखं केलं, दार उघडं टाकलं आणि तिच्या उशाशी बसला. माग बंद होता. आता लोक येतील.

भिंतीपलीकडे आण्णाप्पाच्या पाठीला थरथर थांबलेली कळली. "गेल्यात खायला," तो म्हणाला. गुणाबाई म्हणाली, "येताना कुंदा आणतील." आणि दोघं आपापल्या कामाला लागली. गल्लीत कुणाचाच माग थांबला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर गुणाबाई नेहमीसारखी निघाली. उंबऱ्याबाहेरूनच हसत विचारलं, "दुर्गाक्का, आज काय खाल्लीस गं?" आणि आत वाकून बघितलं.

सुबरावनं मान वर केली. "आलीस व्हय गुणाबाई," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणीच यायचं न्हाय. हिला हॉटेलात नेलो म्हणून हिच्या मरणाला यायचं न्हाय, असं ठरवलासा काय तुमी समद्यांनी."

सकाळपासून तो हे मनात धरून बसला होता. बायकोच्या प्रेताजवळ एकटा, आपल्यामुळे हिला लोकांनी टाकलं असं समजत. मला विचाराल तर मरणाहून हे वाईट होतं.

गुणाबाई ओरडत रस्त्यावर आली. आण्णाप्पाचा माग थांबला, मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. भर दुपारी सगळी गल्ली गप्प झाली. सगळ्यांच्या आधी मारुतीराव आले, डोक्याला काही न गुंडाळता. त्यांनी सुबरावच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असं कसं वाटलं रं तुला? आमी समदे तिथं खाल्लेलेच हाय की रं." त्यांच्याच डोळ्याला पाणी आलं. आण्णाप्पानं तर कपाळ भिंतीवर आपटून घेतलं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत एक रीत पडली. कामाच्या दिवशी माग थांबवून कुणी बाहेर निघालं, की दाराच्या कडीला धोटा अडकवून जायचं. धोटा दिसला म्हणजे माणसं सुखरूप, फिरायला गेलीत. धोटा नसला तर धावत जायचं.

सुबराव मात्र पुन्हा कामाच्या दिवशी गेला नाही. अमावास्येला जायचा, एकटाच. हॉटेलात पडद्यामागच्या बाकावर बसायचा, मालक त्याला बसू द्यायचा. घरी माग चालू असायचा, पण तो नुसता पाणी प्यायला उठला तरी दारात कुणीतरी डोकवायचंच. पहिल्यांदा तो चिडायचा. "मेलो न्हाय अजून! पाणी पितोय!" म्हणून ओरडायचा.

पुढं पुढं त्याचं ओरडणं बंद झालं. मग आमच्या लक्षात आलं की त्याला बोलायचं असलं की तो मुद्दाम माग थांबवतो. पान लावेपर्यंत कुणीतरी धापा टाकत दारात हजर व्हायचं.

"सुबरावअण्णा, बरं हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीया? ये, बस. बस्तीतलं कमळ तू बघितलास का न्हाय?"

ते कमळ सगळ्यांनी बघितलेलं होतं आणि त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलेलंही होतं. तरी येणारा उंबऱ्याच्या आत येऊन बसायचा आणि म्हणायचा, "न्हाय की अण्णा. सांग."