भोंगा वाजल्यावर आत राहिलेला माणूस

वाळूजच्या एमआयडीसीत दुचाकीच्या पेट्रोल टाक्यांना रंग देणारा एक कारखाना आहे. तिथे पुंडलिक सांडू तुपे वर्षातून दोनदा मरणाच्या दारात जायचा आणि पाच मिनिटांत चहा प्यायला परत यायचा.

मॉक ड्रिल म्हणजे संकटाची रंगीत तालीम. भोंगा वाजतो, माणसं हातातलं काम टाकून गेटाजवळच्या कडुनिंबाखाली जमतात, आणि बचाव पथक आत धावतं. आता पथकाला वाचवायला कुणीतरी नको का? तो पुंडलिक. रंगखात्याच्या दाराशी सतरंजी टाकायची आणि त्याने तिच्यावर बेशुद्ध पडायचं, असा नऊ वर्षांचा शिरस्ता. पोरं त्याला 'मुडदा मामा' म्हणायची. कुणी तळपायाला गुदगुल्या करायचं, कुणी नाकाशी तपकिरीची डबी धरायचं. पण हा गडी पापणी हलवायचा नाही. नटाच्या वर नट! बेशुद्ध माणूस उत्तर देत नसतो, हे त्याला एकदा शिकवलं होतं, आणि शिकवलेलं तो विसरत नसे.

लोकांना वाटायचं, याला कामातून तेवढीच सुट्टी. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याची बायको चतुरा गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. लेक प्रेरणा लग्न होऊन पुण्याला. ती भली पोरगी, रविवारी न चुकता फोन करायची. सोमवार ते शनिवार वाळूजजवळच्या रांजणगावातल्या भाड्याच्या खोलीत पुंडलिक, एक पलंग आणि एक टीव्ही. फुलंब्रीकडे भावाचं घर होतं, पण तिथे गेलं की भावजय पाहुण्यासारखा चहा द्यायची, म्हणून तो जाईनासा झाला. कारखान्यातही त्याचं काम एकट्याचं: रंगाला जाण्याआधी टाकीच्या तोंडाला टेप चिकटवायची, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून. दिवसचे दिवस त्याला कुणी हाक मारायचं नाही.

आणि ड्रिलमध्ये? कुणीतरी गुडघ्यावर बसायचं, त्याचं मनगट हातात घ्यायचं, नाडी बघायचं आणि कानाशी विचारायचं, "पुंडलिकराव, ऐकू येतंय का?" मग चौघं मिळून त्याला उचलायचे. चतुरा गेल्यावर त्याला माणसाचा हात लागायचा तो एवढाच, वर्षातून दोनदा. म्हणून तो पडायचा. हसायचं त्याने हसावं.

यंदा नवीन सेफ्टी ऑफिसर आल्या, मृण्मयी टाकळकर. वय जेमतेम अठ्ठावीस, आवाज मात्र भोंग्याच्या तोडीचा. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात त्यांनी सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लावले, शपथ दिली, दोन दिवस प्रशिक्षण घेतलं. "तहान लागल्यावर विहीर खोदणारी माणसं आहात तुम्ही," असं तोंडावर सांगितलं. सतरंजीवरचा जखमी त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केला. "खरी आग सतरंजी टाकून येते का? या वेळी जखमी कोण आणि कुठे, हे कुणालाच कळणार नाही. झाडाखाली एकेकाचं नाव पुकारायचं. जो ओ देणार नाही, तो आत अडकलाय."

आणि मग दुपारी हळूच पुंडलिकच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखं पडणारा दुसरा कोणी नाही. जुन्या स्टोअरमध्ये पडाल? कोणाला सांगू मात्र नका."

पुंडलिकला इतका आनंद झाला की रात्री त्याने दोन जणांपुरता भात लावला आणि मग उरलेला झाकून ठेवला.

जुनं स्टोअर म्हणजे कडुनिंबाच्या बाजूची खोली. तिच्या खिडकीची काच फुटलेली, त्यामुळे झाडाखालचं सगळं आत ऐकू यायचं. ड्रिलच्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला. पुंडलिक रिकाम्या डब्यांच्या आड आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. बाहेर पावलं, हसणं, "अरे सरक की," मग सुपरवायझरचा आवाज. नावं सुरू झाली. प्रत्येक नावामागे एक 'हजर'.

"पुंडलिक तुपे."

पुंडलिकने श्वास धरला.

"हजर!" कुणीतरी ओरडलं.

तो आवाज त्याने हजारात ओळखला असता. गोकुळ गाडेकर. त्याच्याच बरोबरीने कामाला लागलेला, एका डब्यात जेवलेला, आता लाइन लीडरचं काम बघणारा गोकुळ.

पुढचं नाव, त्याच्या पुढचं. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "शहाऐंशी. सगळे हजर." पाहुणे म्हणून आलेल्या हेड ऑफिसच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांसोबत लांब उभ्या असलेल्या बिचाऱ्या मॅडमना नावं ऐकू आली नव्हती, ऐकू आला तो आकडा. त्यांचा हिशेब सरळ होता: पुंडलिक सापडल्याशिवाय आकडा पुरा व्हायचा नाही, आकडा पुरा झाला, म्हणजे पुंडलिक सापडला. सहा मिनिटांत! त्या खुशीत साहेबांना घेऊन मीटिंगच्या खोलीत गेल्या.

आता पुंडलिकने उठून चालू लागायला काय हरकत होती? कुणीही शहाणा माणूस उठला असता. पण एक तर जखमीने आपल्या पायांनी बाहेर यायचं नसतं, हा नियम. आणि दुसरं म्हणजे त्याला वाटलं, गोकुळला आत्ता आठवेल. मागे वळून बघेल, म्हणेल, अरे, पुंडलिक कुठाय? आता म्हणेल. मशिनी सुरू झाल्या. बरं, चहाच्या वेळी म्हणेल. चहाची घंटा झाली, कपांचा आवाज झाला, विरला. पाठीखालची फरशी गार पडली होती. त्याचा कान त्या फुटक्या खिडकीकडे होता आणि त्याचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. पुंडलिकला न मरताच दिसलं, आपण गेल्यावर जगात काय काय अडेल ते. काहीही अडणार नव्हतं. तिथे पडल्या पडल्या तो रडला. चोपन्न वर्षांचा माणूस, अंगात युनिफॉर्म, छातीवर सुरक्षेचा हिरवा बिल्ला.

साडेबाराला दार करकरलं. हातात भाकरीचं फडकं घेतलेली मालनबाई आत आली आणि त्याला बघून किंचाळली.

"अगं माय माय! मेलं की काय हे!"

मालनबाई ठेकेदाराकडची सफाईवाली. ठेक्यावरच्या बायकांना जेवायला जागा नाही, म्हणून ती रोज इथेच बसायची. पुंडलिक उठून बसला, तोंड पुसलं आणि ड्रिलचं सगळं सांगितलं.

"ते भोंग्याचं व्हय?" ती म्हणाली. "म्या तवा मागल्या बाथरूमात फरशी घासत हुते. भायेर येऊन बघते तर चिटपाखरू नाय. म्हणलं, आज लौकर सुट्टी झाली दिसती."

"मावशी, तुमचं नाव न्हाई पुकारलं?"

"माझं नाव कोन पुकारल दादा? माझं नाव ठेकेदाराच्या वहीत." तिने फडकं सोडलं. "भाकर खाता का? ठेचा हाय."

त्याने अर्धी भाकर खाल्ली. खाताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण तर सोंग घेऊन पडलो होतो. ही बाई खरीखुरी आत होती.

संध्याकाळी गेटाबाहेर त्याने गोकुळला गाठलं. गोकुळ गाडीला किक मारत होता.

"माझ्या नावाला हजर कामून म्हणला रे?"

गोकुळने आधी आठवून पाहिलं. मग हसला. "आरं तिच्या! त्यो जखमी तूच हुता का? मला वाटलं, असशील मागं कुठंतरी, नेहमीवानी तंद्री लावून. म्हणलं, उगं खोळंबा नको." मग पुंडलिकचा चेहरा बघून त्याचं हसू उतरलं. "पुंडलिक, ह्ये मॅडमच्या कानावर घालू नको बाबा. एप्रिलात मला लाइन लीडरचं पक्कं पत्र मिळायचंय. अन् आपलं काय आजचं हाय का? वहिनी घाटीत हुत्या तवा दोन महिने कोन म्हणत हुतं तुझ्या नावाला हजर?"

हे खरं होतं. चतुरा घाटी दवाखान्यात असताना पुंडलिक रात्रभर तिच्या उशाशी बसायचा आणि सकाळी वाळूजला पोचायला त्याला दोन तास उशीर व्हायचा. तेव्हा हजेरी वहीत होती, बोटाचं मशीन आलं नव्हतं. तीन उशिरांना एक खाडा. दोन महिने गोकुळने रोज सकाळी छातीठोक 'हजर' म्हणून त्याचा एकही खाडा पडू दिला नव्हता. तो उपकार पुंडलिक आयुष्यभर विसरणार नव्हता, आणि म्हणूनच पुढचं वाक्य त्याला जड गेलं.

"तवा मी कुठं हाय ते तुला ठाव होतं, गोकुळ. आज ठाव होतं का?"

गोकुळने गाडी सुरू केली आणि गेला.

रात्रभर पुंडलिकला झोप लागली नाही. सकाळी मॅडम फॉर्म घेऊन टेबलाशी आल्या. वरचा मजकूर त्यांनीच लिहिला होता: जखमी व्यक्ती सहा मिनिटांत बाहेर. खाली जखमीच्या सहीची जागा. "काका, सही करा. साहेब फार खूश झाले."

सही केली की मित्र राहतो. उभ्या कारखान्यात त्याला मित्र म्हणावा असा तो एकच माणूस होता. पण सही केली की पुढच्या खेपेला, खऱ्या आगीच्या वेळी, मालनबाई बाथरूमची फरशी घासत राहते. पुंडलिक कधी कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. त्याने पेन घेतलं, सहा मिनिटांवर काट मारली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: मला न्यायला कोणी आले नाही. एक तास वीस मिनिटे आत होतो. सफाईच्या मालनबाई पण आत होत्या. त्यांचे नाव यादीत नाही.

मॅडमनी ते वाचलं. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "मी स्वतः येऊन बघायला हवं होतं, काका. माझीच चूक आहे," त्या म्हणाल्या, आणि तो कागद तसाच हेड ऑफिसला पाठवला. त्यांना बोलणी बसली, सुपरवायझरला बसली, गोकुळला मेमो मिळाला. एप्रिलातलं पत्र आलंच नाही.

त्यानंतर गोकुळ पुंडलिकशी बोलला नाही. नुसतं तेवढंच असतं तर चाललं असतं, पण गोकुळ चार लोकांना हवाहवासा माणूस होता; चौघंही बोलेनासे झाले. 'मुडदा मामा'ही कुणी म्हणेना. माणसाला टोपणनावाचीसुद्धा आठवण येते, हे पुंडलिकला त्या उन्हाळ्यात कळलं. चहाचा कप घेऊन तो टेबलाशी बसायचा आणि भिंतीकडे तोंड करून प्यायचा. रविवारी प्रेरणा विचारायची, "बाबा, बरंय ना सगळं?" तो म्हणायचा, "हाव, मजेत हाय." एकदा तर शिल्लक चहा बेसिनमध्ये ओतताना त्याला वाटलं, केली असती सही तर काय बिघडलं असतं? मग मालनबाई लांबून झाडू हलवून हसली, आणि तो विचार तिथेच राहिला.

सप्टेंबरात पुन्हा ड्रिल आलं. या खेपेला यादीत ठेक्यावरच्या बायका होत्या. मॅडमची सक्त ताकीद होती: ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची, आणि सुपरवायझरने तोंड बघूनच खूण करायची. जखमी कोण, हे मॅडमशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तशी त्यांची इच्छा दुसरं कुणी घ्यायची होती. पुंडलिकच त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "मॅडम, मीच पडतो. तिथंच."

भोंगा वाजला. तीच फरशी, तेच रिकामे डबे, तीच फुटकी खिडकी. पुंडलिकने डोळे मिटले. नावं सुरू झाली.

"मालनबाई खरात."

"हाय जी, हाय! हितंच हाय!" इतक्या जोरात, की बाहेर हशा पिकला. पडल्या जागी पुंडलिकच्या ओठांवरही हसू येऊ लागलं. त्याने ते आवरलं.

"पुंडलिक तुपे."

सुपरवायझरने पुन्हा पुकारलं.

"पुंडलिक सांडू तुपे!"

झाडाखाली पंच्याऐंशी माणसं अधिक ठेक्यावरच्या तीन बायका, कुणीही 'हजर' म्हटलं नाही. कडुनिंबावरचे कावळे तेवढे ओरडत होते. आणि मग तो आवाज आला, सहा महिन्यांत त्याच्याशी एक शब्दही न बोललेला.

"नाय! पुंडलिक नाय हितं. आत हाय त्यो!"

पावलं धावत आली. पथकात गोकुळचं नाव नव्हतं, त्याने झाडाखालून हलायचंच नव्हतं. मागून मॅडम ओरडत होत्या, "गाडेकर, तुम्ही नाही, थांबा!" पण दार उघडलं ते त्यानेच. डबे खडखडत बाजूला झाले. धापा टाकत कुणीतरी गुडघ्यावर बसलं आणि पुंडलिकचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. नाडी अशी बघत नाहीत. गोकुळ प्रशिक्षणात मागे बसून झोपा काढायचा.

"पुंडलिक," तो म्हणाला. "पुंडलिक, ऐकू येतंय का रं?"

बेशुद्ध माणसाने उत्तर द्यायचं नसतं. नऊ वर्षांत पुंडलिकने एकदाही दिलं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.