'मागे' आणि 'मागे घ्या'

खाली लॉबीत दोन माणसं बसली आहेत आणि ती उठायला तयार नाहीत, असा सिक्युरिटीचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागलो. सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात सहसा कुणी येत नाही. आमचं गिऱ्हाईक मेल करतं, फार चिडलं तर व्हिडिओ कॉल लावतं.

"कोण आहेत?" निखिलने विचारलं. निखिल माझा मॅनेजर.

"एक चाचा आहेत आणि त्यांची मुलगी. नर्सिंगची ॲडमिशन तुमच्या कंपनीने रद्द केली म्हणतात."

"आपण?" निखिलने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "वैशाली, तू जा ना. तुझं मराठी चांगलं आहे."

निखिल सदाशिव पेठेत जन्मला आणि तिथेच वाढला. मराठी त्याचंही उत्तम आहे. फक्त अशा वेळी ते त्याला आठवत नाही.

मी टेस्टर आहे. डेव्हलपर प्रोग्रॅम लिहितो आणि तो लोकांच्या हातात जाण्याआधी मी त्यात काय बिघडतंय ते शोधते. जे बिघडतं त्याला आम्ही बग म्हणतो. खराडीत एका काचेच्या इमारतीत बसून मी वर्षानुवर्षं हेच करते आहे. विश्रांतवाडीहून सकाळी निघायचं, दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी जायचं. लग्नकार्यात कुणी "तू नक्की काय करतेस?" विचारलं की आमचे हे सांगतात, "घरी करते तेच. फक्त तिकडे पगार मिळतो."

लॉबीत सोफा असूनही ते दोघं सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. वडील पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर हेल्मेट. त्यांचं नाव रफीकभाई. खडकी बाजारात त्यांचं गणवेश शिवायचं दुकान. मुलगी रुबीना, नुकतीच बारावी झालेली. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या फोनकडे बघत होती.

"मॅडम, आम्ही भांडायला नाही आलो," रफीकभाई म्हणाले. "कॉलेजात गेलो तर ते म्हणतात, तुमच्या मुलीने स्वतःच ॲडमिशन सोडली. कम्प्युटरमध्ये तसंच दिसतंय म्हणे. हिला विचारलं तर ही म्हणते, मी नाही सोडली. साइटच्या खाली बारीक अक्षरात तुमच्या कंपनीचं नाव होतं. म्हणून आलो."

"तू नक्की काय केलंस, सांगशील?" मी रुबीनाला विचारलं.

"काहीच नाही. माझं नाव लागलं होतं. मी ते बघितलं आणि मागे गेले."

"मागे गेलीस म्हणजे?"

"मागे दाबलं. विचारलं, खात्री आहे का. मी होय म्हटलं. मग पहिलं पान आलं."

पुढचं तिने सांगायची गरजच नव्हती.

ते का, हे समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या नर्सिंग कॉलेजांसाठी आम्ही प्रवेशाचं पोर्टल केलं होतं. अर्ज भरायचा, यादी लागली की नाव बघायचं, जागा मिळाली तर स्वीकारायची, नको असेल तर सोडून द्यायची. सगळं फोनवर. पोर्टल आधी इंग्रजीत तयार झालं. तिथे एका बटणावर 'बॅक' होतं आणि शेजारच्या बटणावर 'विथड्रॉ'. दोन्हींत गोंधळ होण्यासारखं काही नव्हतं.

मग संस्थेच्या प्राचार्याबाईंनी हट्ट धरला की आमच्याकडे मराठी माध्यमाच्या मुली येतात, पोर्टल मराठीतही पाहिजे. बाईंचं म्हणणं रास्तच होतं. आमच्या लोकांनी सगळ्या शब्दांची एक्सेल शीट एका एजन्सीला पाठवली आणि तिथून मराठी शब्द भरून आले. 'बॅक' म्हणजे 'मागे'. 'विथड्रॉ' म्हणजे 'मागे घ्या'. अर्ज मागे घेतात, तसं. सुटे वाचले तर दोन्ही शब्द बिनचूक. भाषांतर करणाऱ्याने ती स्क्रीन कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे हे दोन शब्द शेजारीशेजारी नांदणार आहेत हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

एवढ्यावर भागलं असतं तरी निभावलं असतं. मी नेहमी शेवटी एका जुन्या, लहान स्क्रीनच्या, स्वस्तातल्या फोनवर टेस्टिंग करते. ऑफिसात त्या फोनला सगळे 'वैशालीचा डबा' म्हणतात. त्या डब्यावर 'मागे घ्या' बटणात मावेना. 'घ्या' खालच्या ओळीत गेलं आणि खालची ओळ बटणाच्या आत लपली. स्क्रीनवर दोन निळी बटणं राहिली. एकावर 'मागे', दुसऱ्यावरही 'मागे'. एक आधीच्या पानावर नेतं. दुसरं प्रवेश घालवतं.

मी फोटो काढून बग नोंदवला. आमच्याकडे प्रत्येक बगला सिव्हिरिटी लावतात. म्हणजे इजा किती मोठी ते सांगायचं. मी 'क्रिटिकल' लावली. मग ट्राएजची मीटिंग झाली. कुठला बग आत्ता दुरुस्त करायचा, कुठला नंतर आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा हे या मीटिंगमध्ये ठरतं.

"मॅम, हा टेक्स्ट ओव्हरफ्लो आहे. कॉस्मेटिक आहे," डेव्हलपर अनिकेत म्हणाला. टेक्स्ट ओव्हरफ्लो म्हणजे अक्षरं बटणात न मावणं. कॉस्मेटिक म्हणजे दिसायला वाईट, बाकी ठीक.

"कॉस्मेटिक? अरे, मुलीची जागा जाईल."

"असा फोन वापरतं कोण आता?" निखिल म्हणाला.

"मराठी माध्यमातून बारावी झालेली मुलगी वापरते. तिच्यासाठीच तर मराठी केलं ना आपण?"

"आणि कन्फर्मेशन येतंच की," निखिल म्हणाला. "'तुम्हाला खात्री आहे का?' विचारतो आपण. त्यावर कुणी होय म्हणत असेल तर आपण काय हात धरायचा का?"

"कशाची खात्री ते कुठे विचारतो आपण? तिला मागे जायचंय. ती होयच म्हणणार."

निखिलने घड्याळ पाहिलं. पोर्टल सुरू करायची तारीख संस्थेने जाहीर केली होती. बगवर 'डिफर्ड' असा शिक्का बसला. डिफर्ड म्हणजे पुढे ढकललेला. पुढे म्हणजे कधी, ते कुणी लिहीत नाही. मी मीटिंगनंतर एक मेल टाकली, पुन्हा एकदा तोंडी सांगितलं आणि मग पुढच्या कामाला लागले. पगार घेणारा माणूस आणखी काय करतो?

आता ती मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी तिच्याकडून फोन मागून घेतला. तिने नाव लागल्याचा जपून ठेवलेला स्क्रीनशॉट दाखवला. दोन निळी बटणं, दोन 'मागे'. माझ्या डब्यावर होतं तसंच, तंतोतंत.

"हे बघा," रफीकभाई म्हणाले. "आता मागे म्हणजे मागेच ना, मॅडम? की कम्प्युटरमध्ये दुसरा काही अर्थ असतो?"

"नाही, अर्थ तोच असतो. मी वर बोलते," एवढंच मला म्हणता आलं. गिऱ्हाइकाच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, अशी सही मी नोकरीला लागताना केली आहे. रुबीनाला कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी पांढरे बूट घालून, कागदपत्रांची फाइल घेऊन गेल्यावर फाटकात प्रवेश गेल्याचं कळलं होतं, तेही मला तिथेच समजलं. वडिलांनी तिचा गणवेश स्वतः शिवला होता.

वर गेले तर निखिल वाट बघत होता. "तू काही सांगितलं नाहीस ना?"

"काय?"

"की हे आपल्याला माहीत होतं."

"नाही सांगितलं. पण प्राचार्याबाईंना सांगायला पाहिजे. आज."

"सपोर्टने तिकीट आधीच बंद केलंय. युजर एरर."

तिकीट म्हणजे आलेल्या तक्रारीची नोंद. युजर एरर म्हणजे चूक वापरणाऱ्याची. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोयीचा शब्द आहे. मी इतकी चिडले होते की माझा आवाज पूर्ण मजल्यावर गेला. "निखिल, तिच्या फोनवर 'घ्या' हा शब्दच नव्हता! न दिसलेला शब्द तिने कसा वाचायचा, ते तू मला करून दाखव." अनिकेतने हेडफोन काढले आणि मग परत घातले. शेवटी निखिल म्हणाला, "ठीक आहे. कॉल लाव. पण तो बग जुना आहे, यावर बोलायचं नाही."

कॉलवर मी माझा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. प्राचार्याबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या.

"म्हणजे मुलीची चूक नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"मग आपण हे मराठी केलंत ते कुणाला दाखवलंत? मराठी येणाऱ्या एकाही माणसाला दाखवलं नाहीत?"

निखिल म्हणाला, "मॅडम, आम्ही यात सुधारणा करतोय."

"करा हो. आमची काही घाई नाही. वर्ष तर गेलंच आहे तिचं." तिची जागा परत द्या, असं मी म्हटलं तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "तिची जागा परत द्यायची म्हणता. कुठून देऊ?"

याचं उत्तर मला माहीत होतं. कुणी प्रवेश सोडला की ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला आपोआप जायची, पापणी लवायच्या आत. या सोयीवर आमची मंडळी फार खूश होती. ती मीच तपासली होती, हरतऱ्हेने, आणि तिच्यात एकही बग नव्हता. रुबीनाने 'होय' दाबलं त्याच क्षणी तिची जागा दुसऱ्या एका मुलीची झाली. ती मुलगी लांबच्या गावाहून ट्रंक घेऊन होस्टेलवर राहायला आली होती आणि वर्गात बसत होती.

"तिला आता उठ म्हणू?" बाई म्हणाल्या. "तिने काय केलंय?"

"एक जागा वाढवता येणार नाही का, मॅडम?"

"ते माझ्या हातात नाही. विचारते."

बाईंनी खरोखर विचारलं. माणूस कडक, पण शब्दाला पक्का. वरून उत्तर आलं की मंजूर जागा भरल्या आहेत, वाढीव जागा मिळणार नाही. विषय तिथे संपला.

निखिलने मला एक तयार मजकूर पाठवला. 'आपल्या तक्रारीची आम्ही गांभीर्याने दखल घेतली असून' असा तो सुरू होत होता. खाली नाव बदलून तो मुलीला मेल करायचा होता. मला ते जमेना. मी जिन्यात गेले आणि फोन केला. रुबीनानेच उचलला. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी तिला सांगितलं की चूक तुझी नव्हती, हे कॉलेजने मान्य केलं आहे. पण जागा मिळणार नाही.

"चूक माझी नव्हती ना?"

"नाही."

"मग?"

मशीनचा आवाज थांबला होता.

"तुम्ही त्या दिवशी माझा फोन बघितला," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला नवल नाही वाटलं. मी बघत होते तुमच्याकडे. तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?"

सही आठवली, निखिल आठवला. "हो," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

तिने आवाज चढवला नव्हता. पत्ता विचारावा तसं विचारलं होतं. मी "ऑफिसमध्ये" असं काहीतरी पुटपुटले. "बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी जिन्यात उभी राहून रडले. नंतर तोंड धुऊन जागेवर येऊन बसले.

त्या आठवड्यात बटण बदललं. आता त्यावर 'प्रवेश रद्द करा' असं लिहिलं आहे. ते लाल आहे आणि आधी विचारतं, 'तुमची जागा दुसऱ्या विद्यार्थिनीला दिली जाईल. चालेल?' अनिकेतला या कामाला चहा गार व्हायच्या आतला वेळ लागला. बगवर 'क्लोज्ड' असा शिक्का पडला. सपोर्टच्या तिकिटावर मात्र अजून 'युजर एरर'च आहे, कारण बंद झालेलं तिकीट बदलायची सोय आमच्या सिस्टिममध्ये नाही. रुबीनाने पुढच्या वर्षी अर्ज केला का, मला ठाऊक नाही. शोधता आलं असतं. धीर झाला नाही.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या धंद्यात हे उलटं आहे. इथे ज्यांना आधी कळतं, त्यांचं काहीच जळत नाही.