उतरला का घास?

लोक फोनवर ‘जेवलीस का’ विचारतात. माझी आई विचारायची, ‘उतरला का घास?’

मी पोटाला पट्टा बसवून घेतला तेव्हापासूनचा तिचा हा प्रश्न. मी सांगलीत शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, जिभेवर ताबा ठेवला नाही, आणि वजन शंभराच्या पुढं गेलं तेव्हा गुडघ्यांनी जिना चढायचं नाकारलं. म्हणून ऑपरेशन. वडूजच्या पुढं आमचं गाव आहे. तिथं बातमी पोचली ती ‘मास्तरणीनं पोट शिवून घेतलं’ अशी. पोट शिवलेलं नाही, हे मी एक-दोघांना समजावून पाहिलं आणि नाद सोडला. आमच्या गावाला एकदा एखादी गोष्ट पटली की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

खरं तर मलाही सुरुवातीला नीट कळलं नव्हतं. जठराच्या वरच्या टोकाला मऊ रबरासारखा पट्टा आणि त्याच्या वर जठराचा लहानसा भाग. मला वाटायचं, ती वरची वाटी भरली की पोट भरलं. म्हणून मी भराभर चार घास घ्यायची आणि बेसिनकडे पळायची. शेवटी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. म्हणाले, घास तिथं साठवायचा नसतोच. अन्ननलिका त्याला वरून दाबते, तो थोडा पलीकडे जातो. पुन्हा दाबते, आणखी थोडा जातो. एक घास पट्ट्यातून खाली जायला मिनिटभरही लागतं. तो गेल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. अडकला तर पाणी अजिबात प्यायचं नाही, ते वरच तुंबतं. आणि मनावर ताण असला की आतूनही सगळं आवळलं जातं, तेव्हा कोरडं काही खाऊ नका.

मी नुसती मान डोलवत होते. आई शेजारी बसली होती, तिला माझ्याआधी कळलं. “म्हंजी नरसाळ्यातनं काकवी वतायची,” ती म्हणाली. “घाई केली की वरनं सांडती.”

वडिलांना, म्हणजे आबांना, हे कधी पटलं नाही. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. त्यांचा हिशेब सरळ होता: पोट लहान केलंय ना, मग कमी खा. एखाद्या घासानं काय होतंय?

त्या एका घासाचीच ही गोष्ट आहे.

आई गेली ती सकाळी, चुलीपाशी. मी सांगलीहून पोचले तेव्हा तिला अंगणात घेतलं होतं. मला भाऊ नाही. अग्नी कुणी द्यायचा यावर भावकीत कुजबुज सुरू होती, एक पुतण्या धोतर सावरून तयारही होता. आबा उठले आणि म्हणाले, माझी पोरगी देईल. पुढं कुणी बोललं नाही, पण चेहरे बोलत होते. मी अग्नी दिला. काय केलं, कसं केलं, ते मला आजही सलग आठवत नाही.

घरी परतलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकीतून पिठलं-भाकरी येते. त्याला कडू घास म्हणतात. आमच्याकडे ज्यानं अग्नी दिला त्यानं पहिला घास घ्यायचा, मग घरच्यांनी, मग बाकीच्यांनी. चुलती बाजरीच्या भाकरीची चवड घेऊन आली. तेव्हा माझं लक्ष आबांकडे गेलं. ते सोप्यात, सावलीत बसले होते आणि सदरा पाठीला चिकटेल इतके घामेजले होते. हात मांडीवर थरथरत होता.

सकाळपासून यांनी काय खाल्लं, असं मी चुलतीला विचारलं. दोन घोट कोरा चहा, ती म्हणाली. आणि मग सहज सांगावं तसं तिनं सांगितलं की आईनं रोजच्यासारखी त्यांना मधुमेहाची सुई दिली, भाकरी टाकते म्हणाली, चुलीपाशी बसली आणि तिथंच कलंडली.

इन्सुलिन सकाळी अंगात गेलं होतं आणि त्यावर पोटात काहीच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून मूठभर साखर आणली आणि त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी हात झटकला. साखर त्यांच्या मांडीवर सांडली.

“आधी तू,” ते म्हणाले. “अग्नी तू दिलास.”

मी सांगितलं, तुमची साखर कमी झालीय, हे औषध समजून घ्या. त्यांनी ओठ मिटून घेतले. पोरीकडून अग्नी देववला, आता पुढचं तरी रीतीनं व्हायला हवं, एवढंच त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. भावकी बघत होती. साखर कमी झाली की माणूस हट्टाला पेटतो, हे मला माहीत होतं. सुभेदार मुळातच हट्टी, त्यात ही भर. मी चुलतभावाला दवाखान्यासाठी गाडी दारात लावायला सांगितली. तेवढ्यात आबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “गाडी कवा सुटनार? रजा संपली.”

ते फौजेतल्या दिवसांत जाऊन पोचले होते. मी घाबरले. आई गेल्याचं दुःख त्या क्षणी बाजूला पडलं, नुसती भीती उरली. एकाच दिवशी दोघं, असं काहीतरी मनात आलं.

मी चुलतीपुढं हात केला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि दिला. बाजरीची भाकरी, तीही गार. मी त्यातला हरभऱ्याएवढा मोडला असता तर चाललं असतं, पण सगळ्यांच्या देखत तो तुकडा अर्धा टाकणं मला जमलं नाही. सकाळपासूनच्या धावपळीत तोंडात थुंकीही उरली नव्हती. चावला, जमेल तितका चावला. आबा माझ्या जबड्याकडे टक लावून बघत होते. त्यांचे ओठ पांढरे पडत होते. मला घाई झाली, आणि मी गिळला.

छातीच्या मधोमध तो थांबला. हे दुखणं ज्याला झालंय त्यालाच कळेल. श्वास चालू असतो, बोलता येतं, पण आत दगड बसतो आणि त्याच्यावर लाळ चढत राहते. अन्ननलिका दाबत होती, ते मला जाणवत होतं. दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. घास जागचा हलत नव्हता. डॉक्टरांचं चित्र आठवत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

“पानी दे, पानी दे तिला,” मागून कुणीतरी म्हणालं. तांब्या आला. चुलतीनं पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. मायेचाच हात होता, पण मला तो पिरगाळावासा वाटला. मी तांब्या बाजूला सारला. पाण्याचा एक घोट घेतला असता तर सगळं तिथंच, सगळ्यांसमोर बाहेर आलं असतं. कडू घास ओकून टाकला, असं झालं असतं. मग आबांनी दिवसभर तोंड उघडलं नसतं.

मी ताठ उभी राहिले. लाळ गळ्यापर्यंत आली होती.

“उतरला?” आबांनी विचारलं.

“उतरला, आबा.”

त्यांनी तोंड उघडलं. मी आधी साखर घातली, मग गुळाचा खडा, मग पिठल्यात बुडवलेली भाकरी. ते चावायला लागले. दुसरा घास त्यांनी स्वतःच्या हातानं घेतला, तेव्हा मी ताटली चुलतीच्या हातात दिली आणि मागच्या दारानं निघाले. पळाले नाही. पळाले असते तर कळलं असतं.

गोठ्याच्या मागं शेणाच्या ढिगापाशी वाकले आणि तो घास बाहेर आला. लाळेत गुंडाळलेला, जसा गिळला तसा. त्याला आंबट वाससुद्धा नव्हता, कारण तो पोटापर्यंत गेलाच नव्हता. आईच्या नावाचा घास. मी त्यावर पायानं माती ओढली आणि दिवसभर जे रडू नीट आलं नव्हतं ते तिथं आलं.

बऱ्याच वेळानं पाठीमागं पावलं वाजली. आबा भिंतीला धरून आले होते. घाम वाळला होता, नजर ताळ्यावर आली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मातीकडे बघितलं.

“फोनवर आईला बी असंच सांगायचीस का गं?” त्यांनी विचारलं. “उतरला म्हनून?”

आदल्या रात्रीसुद्धा आईनं विचारलं होतं. मी बेसिनपाशी उभी राहून, तोंडावर पदर धरून सांगितलं होतं, उतरला गं, तू जेव. ती काळजी करत बसू नये एवढाच हेतू. कितीतरी वेळा असंच सांगितलं होतं.

“तिला कळायचं,” आबा म्हणाले. “फोन ठिवला की म्हनायची, पोरगी खोटं बोलती. मग ताटावरनं उठायची.”

मला वाटलं होतं, माझ्या खोट्यावर आई निवांत जेवते.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तसलं त्यांना येत नाही. घरात जाऊन चुलतीला काहीतरी सांगितलं एवढंच. दिवेलागणीला, माझी छाती निवळल्यावर, तिच्या घरून वाटीभर पिठलं आलं. गरम पाणी घालून पार पातळ केलेलं. भाकरी नव्हती. माणसं पांगली होती. आबा माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांच्या पुढ्यात त्यांचं ताट होतं आणि ते त्याला शिवले नव्हते.

मी म्हणाले, आबा, तुम्ही घ्या. तुम्हाला वेळेवर खायला पाहिजे.

त्यांनी एक घास घेतला, चावून खाल्ला आणि हात ताटातच ठेवला. मग मी चमचाभर पिठलं तोंडात घेतलं. तोंडातच ठेवलं, हळूहळू सोडलं. ते बघत होते. दुपारचा तो घास सोडला तर पहिल्यांदाच ते मला खाताना बघत होते, एरवी पेपर वाचायचे.

“उतरला का?”

उतरला, हे ओठावर आलंच होतं. सवयीनं.

“न्हाई अजून,” मी म्हणाले.

“असू दे,” आबा म्हणाले. “मी थांबतो.”