नेमाचा पांढरा बोर्ड

दुबईत अल मनखूलमध्ये माझ्या शेजारच्या मुलांनी फुलबाजी पेटवली, की त्या शोभेच्या दारूच्या वासाने मी अजून उठून खिडकी लावून घेतो. काही वर्षांपूर्वी शिकारीला जाण्याआधी आमच्या अरबी मालकांना लांबून नेम धरायचा सराव हवा होता. रास अल खैमात डोंगरामागे एक उजाड माळ सापडला. मी सर्व्हेअर, सकाळीच तिथे प्लायवूडचा पांढरा बोर्ड रोवला, दुर्बिणीतून अंतर मोजून दिलं. मग आम्ही चहा प्यायलो.

मालक रायफलमागे पालथे झोपले. "यल्ला, चलो, कोई नहीं है."

सवयीने मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. बोर्डाच्या कडेला दोन अनवाणी पाय दिसले.

"रुको," एवढंच तोंडातून निघालं. मालकांनी चापावरचं बोट काढलं.

हरवलेल्या बकऱ्या शोधून दमलेला एक म्हातारा बोर्डामागे गाढ झोपला होता. अख्ख्या माळावर सावली तेवढी एकच होती, आणि ती आम्हीच नेऊन उभी केली होती.