नानांच्या ई-रीडरचे घोळ

उंब्रजच्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी चार माणसं चहाला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, नानांच्या ई-रीडरचं सांगा की." एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा घडलेला असतो, त्यामुळं सुरुवात कुठून करायची हेच मला कळत नाही.

नाना म्हणजे रिटायर्ड सुभेदार. फौजेतून आल्यापासून पुस्तक बदलायला यायचे. मग डोळ्यांत दोष निघाला आणि छापील अक्षर दिसेना. तरी यायचे, नुसते कपाटांसमोर बसून राहायचे. ते कळल्यावर पुण्याच्या सुनेनं ई-रीडर पाठवला. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. त्यात पुस्तकं भरायचं काम आलं ग्रंथपाल म्हणून माझ्याकडं आणि जाधव सरांकडं. सरांनी निवृत्तीनंतर नेटवरची जुनी, मोफत पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. कुठल्या फोल्डरात काय आहे, ते मात्र सरांनाही सांगता येत नव्हतं.

*

दुसऱ्याच दिवशी नाना मशीन टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. बंद केलं तरी वरचं चित्र जात नाही, करंट जळतोय, अशी तक्रार. सरांनी समजावलं की या पडद्यावर चित्र तसंच राहतं, त्याला करंट लागत नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं सर, पण आपण बंद हाय का चालू, ते त्याला तरी ठावं हाय का?"

*

पुस्तकं भरायला बसलो. वायर जोडली, चार्जिंग सुरू झालं, पण कॉम्प्युटरला मशीन काही दिसेना. सरांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी मशीन बंद करून चालू केलं. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी माझ्या मोबाईलची वायर लावली, तर लगेच दिसलं. आधीची वायर नुसती चार्जिंगची होती, तिच्यातून पुस्तक जाणारच नव्हतं.

नाना दोन्ही वायरी हातात घेऊन चाचपत होते. म्हणाले, "दिसाय तर जुळ्या बहिणी. पर एकच शाळंत गेलेली दिसतीया."

*

पहिलं पुस्तक उघडलं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं, या मशीनला ते कळेना. सर कपाळाला हात लावून बसले. नाना मात्र खूश झाले. फौजेत ते सिग्नलला, संदेश पाठवायच्या तुकडीत होते. ही सायफर आहे, गुप्त लिपी, मी तोडतो म्हणाले आणि मशीन घरी घेऊन गेले.

आले ते तोंड पाडून. पहिली ओळ लागली होती. काय निघालं, म्हणून विचारलं.

"छपाईतल्या चुकांबद्दल क्षमस्व."

*

सरांनी चांगल्या फाईली शोधून भरल्या. पण टाईप करणाऱ्यानं लेखकाचं नाव घातलेलंच नव्हतं, त्यामुळं तिथं कॉम्प्युटरनं आपलंच नाव टाकलं होतं. आम्हाला ते दिसलंच नाही. नानांना दिसलं.

"मॅडम, ह्यो ॲडमिन कोण? कादंबरी त्याची, ऊसलागवडीचं त्याचं, आयुर्वेदाचं बी त्याचंच. लय शिकलेला गडी हाय. व्याख्यानाला येतोय का बघा."

*

एवढं सगळं होऊन नाना वाचायला लागले. संध्याकाळी काकींना वाचून दाखवायची त्यांची लग्नापासूनची सवय, डोळ्यांमुळं तुटलेली, ती परत सुरू झाली. काकींना वाचता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत.

मग नवीनच घोळ. संध्याकाळी जिथं थांबावं, तिथं दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडतच नाही. पानं आपोआप पुढं गेलेली असतात. सरांनी पुस्तक काढून परत भरलं, मशीनमधलं सगळं पुसून ते पुन्हा नव्यासारखं केलं, पण फरक पडेना. सरांनी हात टेकले.

एका दुपारी, नाना वाचनालयात विसरलेला चार्जर द्यायला मी त्यांच्या घरी गेले. नाना रानात होते. काकी चुलीपाशी बसून, मशीन पार नाकाला लावून वाचत होत्या. ओठ हलत होते. मला बघून त्यांनी ते पदराखाली घेतलं.

म्हणाल्या, "चौथी शिकलीया मी. पर त्यास्नी सांगू नगा. कळलं तर वाचून दाखवायचं बंद करतील."

मी कुणालाच काही बोलले नाही. आठवड्यानं नाना मशीन घेऊन आले. पानांची तक्रार परत येणार म्हणून मी उत्तर जुळवत होते. पण नानांनी तो विषयच काढला नाही. अक्षर अजून थोडं मोठं करून द्या म्हणाले.

मी काळजीनं विचारलं, "नाना, दिसायचं कमी झालं का आणखी?"

"न्हाई की," नाना म्हणाले. "मला झ्याक दिसतंय."