वेलीच्या फळीवरची फुली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आमच्या लाँचवेड्यांच्या ग्रुपवर लिहिलं नाही. आणि काशीनानांना — त्यांना तर नाहीच. त्यांनी दोनदा विचारलं, तरी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं जातंय. याला धीर म्हणावं असं मला वाटत नाही.

आधी सगुणाबद्दल सांगतो. — बघा, झालो सुरू. मुद्द्याची गोष्ट टाळायची असली की मी सगुणाबद्दल बोलायला लागतो, ही माझी जुनी खोड. पण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सगुणा म्हणजे माझ्या आजोळच्या खाडीवरची प्रवासी लाँच. अख्खी सागवानी लाकडाची. मी राहतो पेणला, माझं चष्म्याचं दुकान आहे, पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या या लाँचमधून पलीकडे आजीकडे जाण्यात गेल्या. पुढे आगरदांड्याहून दिघीला गाड्यांसकट माणसं नेणारी मोठी फेरीबोट सुरू झाली आणि आमच्या आडबाजूच्या खाडीवर कोण येणार? मासळीवाल्या, शाळेची पोरं, बाजाराला जाणारे चार गावकरी. आणि आम्ही.

आम्ही म्हणजे सगुणाचे चाहते. पुण्याचे, ठाण्याचे, पनवेलचे. रविवारी यायचं, लाँचमध्ये बसायचं, पलीकडे जायचं, न उतरता परत यायचं, पुन्हा जायचं. पनवेलच्या एका गड्याने तिच्या इंजिनाचा आवाज फोनच्या रिंगटोनला लावला होता. तो एका बारशात वाजला आणि पाळण्यातलं बाळ दचकून उठलं. आम्ही हे कौतुकाने एकमेकांना सांगायचो. जनाबाई नावाची एक मासळीवाली रोज त्याच लाँचने पाटी घेऊन जायची. ती आम्हाला बघून कपाळावर हात मारायची. "उतरायचं न्हाय तं बसता कशाला रं? खुळं का काय तुमी!" आम्ही हसायचो. खुळेच होतो. सुखात होतो.

आणि सगुणाला एक वेल होती. ज्या सुताराने तिला बांधलं, त्याने पुढच्या बाजूला, नावाच्या खालच्या फळीवर, एक नाजूक वेल कोरली होती. का कोरली, कुणाला ठाऊक. हौस असेल. लाँच माणसांनी भरली की ती फळी पाण्यात जायची आणि वेल बुडायची. धक्क्याला लागून माणसं उतरू लागली की वेल हळूहळू वर यायची, पानापानातून पाणी गाळत. आम्ही सगळे त्याचेच फोटो काढायचो. माझ्याकडे त्या वेलीचे इतके फोटो आहेत की बायको म्हणते, माझे तरी काढले असते.

मालकाला यातलं काही दिसत नसे. त्याने एका वर्षी जुनी लाकडी बाकडी काढून प्लास्टिकच्या खुर्च्या ठोकल्या, त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. खरंच सांगतो. माझे वडील गेले तेव्हाही मी जेवलो होतो. तेव्हापासून सगुणातलं काय 'मूळ' आहे आणि काय नंतरचं, हे मी डोळ्यांत तेल घालून बघू लागलो. आणि मूळ असं फारसं उरलंच नव्हतं — घंटा, सुकाणूचं चाक, आणि ती वेलीची फळी.

आता काशीनाना. काशीनाना म्हणजे सगुणाचे सारंग, लाँच त्यांच्या ताब्यात. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते सुकाणूवर. मला एकदा त्यांनी मांडीवर बसवून चाक धरायला दिलं होतं. त्यांना ते आठवत नाही, अशा किती पोरांना दिलं असेल.

पावसाळ्यात लाँच वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालायची. त्याआधी दरवर्षी काशीनाना हातात छोटी लाकडी हातोडी घेऊन लाँचभोवती फिरायचे. एकेक फळी वाजवायची आणि कान लावायचा. जिथे आवाज बद्द आला तिथे खडूने फुली. मग बाळा सुतार यायचा, फुलीची फळी तासून बघायचा, कुजलेली असली तर बदलायचा, आणि फुली पुसायचा. नियम असा की फुली पुसायची ती सुतारानेच. फुली नाही, याचा अर्थ काम झालं. काशीनानांच्या सगळ्याच फुल्या खऱ्या ठरायच्या असंही नाही. बाळा सुतार कधी कधी कुरकुरायचा, म्हातारा उगाच फुल्या मारतो, फळी ठणठणीत निघाली म्हणून.

हे मी का सांगतोय? स्वतःला सवलत हवी म्हणून? तेव्हा मी मनाशी नेमकं हेच घोकत होतो, म्हणून सांगतोय.

त्या वर्षी लाँच रंगवायचं काम आम्ही चाहत्यांनी मागून घेतलं. मालकाचा खर्च वाचला, त्याने लगेच हो म्हटलं. जुना हिरवा पट्टा, जुन्या वळणाचं नाव, सगळं पूर्वीसारखं करायचं ठरलं. नाव आणि वेल माझ्याकडे आली. मी हट्टाने मागूनच घेतली होती. सकाळी इतरांच्या आधी पोचलो. झापं बाजूला केली, आणि वेलीच्या टोकाशी, शेवटच्या पानाच्या खाली — फुली.

मी ती फळी बोटाने दाबली. दबली का? थोडी दबली. दबली नसेल असंही वाटलं. पण खरं सांगू, ती कुजली आहे की नाही हा विचारच माझ्या डोक्यात दुसरा आला. पहिला आला तो असा, की बाळा सुतार येईल, ही फळी काढेल, आणि त्या जागी बाजारातली कुठलीतरी फळी ठोकेल. वेल सरपणात जाईल. चाहत्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं असतं? जनाबाईच्या आलं असतं? तिने फुली बघून सुताराला हाक मारली असती.

मी ओल्या फडक्याने फुली पुसली.

लांबी भरली, घासली, रंगाचे दोन हात दिले. पानं हिरवी केली. बाळा सुतार दुपारी आला, त्याच्या मागे मच्छीमारांच्या होड्यांची घाई होती, फुल्या असलेल्या फळ्या बघून भरभर निघून गेला. संध्याकाळी काशीनाना आले. वेलीसमोर थांबले, म्हणाले, "बाळा बगून गेला का रं ही?" मी म्हणालो, "हो नाना, गेला." सगळ्यांनी टाळ्या वाजवून फोटो काढले. त्या फोटोत मी वेलीला हात लावून उभा आहे आणि फार आनंदी दिसतोय. होतोच आनंदी.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, लाँच पाण्यात गेली. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी, लाँच गच्च भरलेली असताना, खाडीच्या मध्यावर वेलीची फळी फुटली. पाणी आत येऊ लागलं. काशीनानांनी धक्क्याकडे न जाता सुकाणू वळवलं आणि लाँच सरळ कांदळवनाच्या चिखलात घातली. म्हणून माणसं वाचली. सगळी वाचली. पण खाली उतरताना रेटारेटी झाली, जनाबाई काठावरून पडली आणि तिचा पाय मांडीत मोडला. आता ती काठी घेऊन दारात बसते. पाटी सून नेते, तीही रिक्षाने, मोठा वळसा घालून.

मी तेव्हा पेणला दुकानात होतो. ग्रुपवर बातमी आली. मी एका बाईला चष्मा बसवून देत होतो, तो बसवून दिला. डबी दिली, पुसायचं कापड दिलं. तुम्हाला वाटेल मी हादरलो असेन. नाही हादरलो. तेव्हापासून आत काहीतरी बधिर झालंय, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. चावलं तरी कळत नाही.

दोन दिवसांनी धक्क्यावर सगळे जमले. मालक, काशीनाना, बाळा सुतार, आम्ही दोघं-तिघं. मालकाने बाळाला विचारलं. बाळा म्हणाला, "त्या फळीवर फुलीच न्हवती शेट. असती तं मी सोडली असती का?" तो खरंच बोलत होता. काशीनाना म्हणाले, "मी मारली व्हती. वेलीच्या शेंड्याला. मला चांगली ध्यानात हाय." ते माझ्याकडे वळले. "तू व्हतास ना रं रंगवायला? तू बगितलीस ना फुली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता. त्या शब्दाने माझं काय झालं असतं? मालक ओरडला असता, ग्रुपमधून काढलं असतं, पोलीसही आले असते कदाचित. हे सगळं मी तेव्हा मोजलंही नाही. तोंड आपोआप उघडलं.

"नाही नाना. फुली नव्हती."

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना माझ्यावर शंकाच आली नाही. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग मीच इसरलो आसंन. वय झालं." आणि मी काय केलं? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, केवढा जीव आहे याचा म्हाताऱ्यावर. रंगवलं त्या संध्याकाळी 'बाळा बघून गेला' असं मीच त्यांना म्हणालो होतो, तेही त्यांनी काढलं नाही. माझ्याकडून खोटं येऊ शकतं हे त्यांच्या मनाला शिवलंच नसावं.

सगुणा पुन्हा पाण्यात गेली नाही. मालकाने तुकडे करून विकली. आम्ही चाहत्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला, मी भाषण केलं, दोघी-तिघींनी डोळे पुसले. वेलीचा शेवटच्या पानासकट धड राहिलेला भाग मी विकत घेतला. घासून पॉलिश करून हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलाय. येणारा प्रत्येक जण थांबून बघतो. लाँच गेली पण तुम्ही वेल वाचवलीत, असं म्हणतात. मी मान हलवतो.

काशीनानांकडे मी जात राहिलो. मासळी घेऊन जायचो, त्यांच्याच गावात मासळी घेऊन — एवढा मूर्खपणा. काकी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, आता यांना कशाचाच भरवसा वाटत नाही. दाराला कडी लावली की नाही ते उठून बघतात, परत येतात, पुन्हा उठतात. जेवलो का, असं विचारतात, आणि हो म्हटलं तरी ताटाकडे जाऊन बघतात. पूर्वी गावातले लोक आपापल्या होड्या वाजवून घ्यायला त्यांना बोलवायचे. आता बोलावलं की म्हणतात, "माजा कान गेला. दुसऱ्याला बगा." हातोडी त्यांनी नातवाला खेळायला देऊन टाकली.

त्यांचा कान गेलेला नाही. स्मरणशक्तीही शाबूत आहे. ते जे विसरले असं त्यांना वाटतं, ते ते विसरले नव्हते. हे या जगात एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस त्यांच्या ओसरीवर बसून काकींनी दिलेला चहा पितो.

मागच्या महिन्यात ते माझ्या दुकानात आले, चष्म्याचा नंबर वाढला होता. पहिल्यांदाच आले. नंबर काढला, मग मी त्यांना वर घरी नेलं. हॉलमध्ये आले आणि सोफ्यापाशी थबकले. वेलीकडे बघत राहिले. चपला दाराबाहेर काढल्याच होत्या, तरी पायांकडे एकदा बघून घेतलं. मग हात वर केला आणि सवयीने, बोटाच्या पेरांनी, फळी वाजवली. वरच्या बाजूला. मग मधे. मग शेवटच्या पानापाशी.

तिथे आवाज बद्द आला. मलासुद्धा ऐकू आला.

त्यांनी हात झटकन मागे घेतला. माझ्याकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर ते पोरासारखं, घाबरलेलं काहीतरी. "हितं," ते म्हणाले, "हितंच वाटतंय मला. पन फुली न्हवती ना रं? तू बगितलं व्हतंस ना नीट?"

स्वयंपाकघरातून बायको चहा घेऊन येत होती. खोलीत आणखी कुणी नव्हतं. मालक नाही, बाळा नाही, ग्रुप नाही. भीतीचंही काही कारण उरलं नव्हतं. सगळं होऊन गेलं होतं.

"नव्हती नाना," मी म्हणालो. "मी नीट बघितलं होतं."

"बरं," ते म्हणाले. सोफ्यावर बसले, वेलीकडे पाठ करून. चहा बशीत ओतला. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, मगाशी आपण चहा घेतला का. ती हसून म्हणाली, नाना, आत्ता तर घेताय. त्यांनी बशीकडे बघितलं आणि मान हलवली. मी त्यांना आणखी थोडा चहा ओतला.