गप्प न बसणारे काका

भावाला तपासणीसाठी पिंपरीतल्या एका कॅन्सर रुग्णालयात नेलं होतं. शेजारच्या खुर्चीवर तळवड्याचे एक काका होते. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय, हे काकांनी सगळ्या रांगेला स्वतःच बोलून कळवलं. शब्द जड पडला की हात मदतीला यायचा.

त्यांच्या गाठीचा तुकडा जनुकांच्या चाचणीला गेला होता, आणि आज त्याचा रिपोर्ट कळणार होता.

"गाठीत जीन असत्यात. पँट न्हवं," त्यांनी मला समजावलं. "कुठल्या जीन लई बोलत्यात अन् कुठल्या गप बसल्यात, ते बघत्यात. त्यावरनं दुखनं परत यील का, याचा अंदाज लागतो."

"बोलन्यावरनं दुखनं कळत असतं, तर तुमचं लग्नातच कळलं असतं," त्यांच्या पलीकडे बसलेल्या काकू म्हणाल्या. "गप बसा आता."

काका खूश होऊन हसले. तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. काकूंना मात्र आत जायचा धीर झाला नाही.

काका बाहेर आले ते गप्पच. "धोका जरा जास्त हाय म्हनले. रेडिएशनचा शेक घ्यावा लागंल," एवढंच बोलून ते बसले आणि बोटातली अंगठी फिरवत राहिले.

काकूंनी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यांना आपल्या बैलांचं सांगा की."

काका हळूहळू बैलगाडा शर्यतीची गोष्ट सांगू लागले. काकूंना ती पाठच असणार. तरी काका अडखळले, की त्या विचारायच्या, "मग? पुढं काय झालं?"